अर्धी काडी

चौदा नंबरच्या लाइनीत बत्तीस बायका होत्या आणि संडासाला जायच्या पाट्या दोन. लाल प्लास्टिकच्या, पंजाएवढ्या, सुपरवायझरच्या टेबलामागे खिळ्याला टांगलेल्या. पाटी गळ्यात अडकवायची, जायचं, यायचं, पाटी परत खिळ्याला. शिफ्टमध्ये एखादीने दोनदा पाटी घेतली तर कुणी काही म्हणत नसे. नोएलिया गेले अकरा आठवडे दिवसातून सहा-सहा वेळा घेत होती.

चोलोमा शहरातल्या त्या कारखान्यात टी-शर्ट शिवत. नोएलियाकडे उजवी बाही जोडायचं काम होतं. ती उठली की तिच्या मशीनपाशी गठ्ठे साचायचे आणि पुढच्या बायका रिकाम्या हातांनी बसायच्या. बोनस सबंध लाइनीला मिळे, नाहीतर कुणालाच नाही. म्हणजे नोएलियाच्या अंगावरून जे रक्त जात होतं, ते बत्तीस जणींच्या पगारातून जात होतं. हा नियम ज्याने केला त्याला पाळी येत नसावी, एवढं नक्की.

"निघाल्या राणीसाहेब," डाव्या बाहीवर बसणारी यादिरा मशीन न थांबवता म्हणायची. "एक पाटी घरीच घेऊन जा ना. गळ्यात शोभते तुला."

तोंडाची अशी फटकळ, पण कापड कापायच्या टेबलाखालचे मऊ तुकडे गोळा करून, घड्या घालून नोएलियाच्या डब्याच्या पिशवीत सरकवायची तीच. पॅड पुरत नव्हते. अकरा आठवडे कुणाला पुरतील?

हे सगळं पोरं होऊ नयेत म्हणून दंडात बसवलेल्या औषधी काडीमुळे चाललं होतं. काडी कशी आली ते सांगायचं तर तीन बाळंतपणं मागं जावं लागेल.

पहिल्या मुलीनंतर, केर्लिननंतर, नोएलियाने तांबी बसवून घेतली होती. तांबी कधी सरकली कळलंच नाही, आणि दुसरी मुलगी झाली. गल्लीत अजून त्या धाकटीला तांबीवाली म्हणूनच हाक मारतात. मग तीन महिन्यांचं इंजेक्शन. त्याने नोएलियाचे केस मुठीमुठीने गळले, अंग सुटलं, आणि उगाचच रडू यायचं. पाव कापता कापता, बसमध्ये, मशीनवर. तरी ती घेत राहिली. पण एका खेपेला आरोग्य केंद्रातलं औषधच संपलं. "पंधरा दिवसांनी या," म्हणाले. पंधरा दिवसांनी गेली तेव्हाही नव्हतं. महिन्याने औषध आलं, पण तोवर तिला दिवस गेलेले होते. तिसरं मूल तसं आलं, मुलगा.

त्या बाळंतपणात तिचं बीपी चढलं, झटके आले, दोन दिवस ती शुद्धीवर नव्हती. शुद्धीवर आली तेव्हा खाटेपाशी डॉक्टरीणबाई उभ्या होत्या आणि शेजारी तिचा नवरा सेल्विन टोपी हातात धरून. डॉक्टरीणबाई त्यालाच म्हणाल्या, "ही वाचली, हे नशीब. चौथ्यांदा दिवस गेले तर मला बोलवू नका, पाद्रीला बोलवा." मग तिच्याकडे वळून म्हणाल्या, "तुला रोजच्या गोळ्याही चालणार नाहीत, बीपी आहे. ऑपरेशन करून घे."

ऑपरेशनला नोएलिया एका पायावर तयार होती. सरकारी दवाखान्याने पहिली तारीख दिली, त्या दिवशी भूल देणारा आला नाही. दुसऱ्या तारखेला संप होता. तिसऱ्या तारखेला कारखान्याने रजा दिली नाही. त्यानंतर यादीत तिचं नाव शेवटी गेलं आणि ते घोंगडं भिजतच पडलं. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईने एकदा सेल्विनलाही विचारलं होतं की पुरुषाचं ऑपरेशन सोपं असतं, तुम्ही करून घेता का. सेल्विन मोटोटॅक्सी चालवायचा. वाईट माणूस नव्हता. मारत नव्हता, पीत नव्हता, पोरांना पाठीवर घेऊन नाचायचा. पण तो हसला आणि म्हणाला, "बाई, खच्ची केलेला कोंबडा कधी आरवलेला ऐकलाय का?" नर्सबाईही हसली. हसली नाही ती नोएलियाच. निरोधचं नाव काढलं तर तो म्हणायचा, कागदासकट चॉकलेट कोण खातं.

अशात जूनमध्ये कारखान्याच्या फाटकावर ते पथक आलं. मांडव, फुगे, लाउडस्पीकर, राजधानीहून आलेल्या गुलाबी टी-शर्टातल्या मुली. दंडात काडी बसवा, तीन वर्षं विसरून जा, सगळं फुकट. बीपीवालीलाही चालते, असं त्यांनी कागद बघून सांगितलं, आणि ते खरंही होतं. नोएलियाला वाटलं, देवाने दार उघडलं. पंधरा मिनिटांत काम झालं. मुलींनी तिचा फोटो काढला, हातात फुगा दिला आणि एक कार्ड दिलं. फुगा तांबीवालीने घरी जाताच फोडला.

तिसऱ्या आठवड्यात रक्त सुरू झालं ते थांबेना.

ती आरोग्य केंद्रात गेली. नर्सबाईने दंड चाचपला, कार्ड बघितलं, म्हणाली, "होतं असं काहींना. अंगवळणी पडेल."

"काढून द्या, बाई."

"ही मी घातलेली नाही. मला घालायचं शिकवलेलं नाही, काढायचं तर नाहीच. पथक फेब्रुवारीत परत येणार आहे, त्यांच्याकडून काढून घे."

"फेब्रुवारी? आत्ता तर ऑगस्ट चाललाय."

"मग लोहाच्या गोळ्या घे तोवर."

सरकारी दवाखान्यात म्हणाले, आधी केंद्राची चिठ्ठी आणा. केंद्र म्हणालं, चिठ्ठी द्यायला डॉक्टर लागतात, डॉक्टर गुरुवारी येतात. दोन गुरुवार ती अर्धी शिफ्ट बुडवून बसली, डॉक्टर आले नाहीत. कारखान्याच्या दवाखान्यात एकच पांढरी गोळी होती; डोकं दुखो, बोट मशीनखाली येवो, तीच. नोएलियाने तीही खाल्ली.

ती पांढुरकी पडत चालली. जिना चढताना भिंतीला हात लावायची. सेल्विन पहिला महिना गप्प होता, मग मुलांच्या खाटेवर झोपायला लागला. "हे काय औषध म्हणायचं?" तो एकदा म्हणाला. "पोरं होऊ नयेत म्हणून बायकोच बंद करून टाकली." तो चेष्टेने म्हणाला होता. तिला ते लागलं, कारण तिलाही तसंच वाटत होतं.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात लाइनीचा बोनस तिसऱ्यांदा हुकला. सुपरवायझर दॉन रिगो तिच्या मशीनपाशी आला. मोठ्याने बोलणं त्याच्या स्वभावात नव्हतं, त्यामुळे त्याचं बोलणं जास्त टोचायचं.

"नोएलिया, मला बाही लावणारी हवीय. गळका नळ ठेवून मी काय करू?"

"दॉन रिगो, फेब्रुवारीपर्यंत..."

"सोमवारपर्यंत. सोमवारी पण हेच असेल तर ऑफिसात जाऊन राजीनाम्यावर सही करून ये."

त्याच्या पाठीकडे बघून यादिरा काहीतरी अर्वाच्य पुटपुटली. दोघींच्या घरी काय आहे ते दोघींना ठाऊक होतं. सेल्विनच्या मोटोटॅक्सीवर दोन वेळच्या बीन्स शिजत. घरभाडं, शाळा, मुलाचं दूध, सगळं त्या उजव्या बाहीवर होतं.

लाइनीच्या टोकाला मिर्नाचं टेबल होतं. मिर्ना पन्नाशीची, जाड चष्म्याची, वीस वर्षं आल्टरवर बसलेली. चुकलेली शिवण उसवायची, कापडाला भोक न पाडता, आणि तुकडा परत पाठवायचा, हेच तिचं काम. लाइनीतल्या बायका काहीही अडलं की तिच्याकडे जायच्या. बोटात रुतलेली सुईची टोकं तिने काढली होती, पोरींच्या कानात भोकं पाडली होती, एकीची रुतलेली अंगठीसुद्धा दोऱ्याने सोडवली होती. मिर्नाला उसवता येत नाही असं काही नसतं, असं लाइनीत म्हणत, आणि वीस वर्षं ऐकून मिर्नालाही ते खरं वाटायला लागलं होतं.

शुक्रवारी डब्याच्या सुट्टीत ती नोएलियाजवळ येऊन बसली. तिने नोएलियाचा दंड हातात घेतला आणि बोटाने काडी चाचपली, कापडाखालची गाठ चाचपावी तशी.

"वरच तर आहे," ती म्हणाली. "लागतेय हाताला. कसली आलीय पथकाची वाट बघत बसायची?"

"मिर्ना, नको गं. काही झालं तर?"

"आत्ता काय होत नाहीये? आरशात बघितलंस का तोंड?"

"भूल कुठली आणणार?"

"बर्फ आणते कँटीनमधून. सोमवार जवळ आलाय, पोरी. तू सांग."

नोएलियाने एकदा तिच्या चष्म्याकडे बघितलं आणि एकदा स्वतःच्या दंडाकडे. मग म्हणाली, "काढ."

संडासाच्या दाराशी यादिरा दोन्ही लाल पाट्या गळ्यात घालून उभी राहिली. लाइनीत इतकी हसत नसे ती, पण त्या दिवशी येणाऱ्या प्रत्येकीला काहीबाही विनोद सांगून परत पाठवत होती. आत मिर्नाने दोरे कापायची कात्री दारूने पुसली. नोएलियाने बाहीच्या कापडाचा एक गोळा दातांत धरला. पुढचं सांगण्यासारखं नाही. हात म्हणजे कापड नव्हे, हे मिर्नाला पहिल्या मिनिटात कळलं, पण तोवर सुरुवात झाली होती.

शेवटी आलं ते काडीचं टोक, आणि ओढताना ते तुटलं. मिर्नाच्या तळहातावर पांढरा तुकडा होता, नखाएवढा लांब. दुसरा आत कुठे सरकला तो मिळेना. तिने पुन्हा कात्री टेकवली.

"पुरे," नोएलिया म्हणाली. तिच्या तोंडातला गोळा ओला चिंब झाला होता. "पुरे, मिर्ना."

त्यांनी दंड घट्ट बांधला. तुकडा तिघींनी बघितला. मग मिर्नाने चष्मा पुसला आणि नेहमीच्या आवाजात हिशेब मांडला, जो सबंध कारखान्यात कुणालाही पटला असता.

"तीन वर्षांची काडी. अर्धी आत आहे. म्हणजे दीड वर्ष. दोऱ्याचं रीळ अर्धं उरलं म्हणून काय शिवण अर्धी बसते? शिवण तशीच बसते, रीळ लवकर संपतं, एवढंच."

"आणि औषध निम्मं झालं की त्रासही निम्मा," यादिरा म्हणाली. "बघ, डॉक्टरांना जमलं नाही ते आपण माप बरोबर केलं."

तिघीही हसल्या. नोएलियाला ते पटलं. बारा वर्षं रिळांवर काढलेल्या बाईला न पटायला काय झालं?

आणि खरंच, सहाव्या दिवशी रक्त थांबलं. सुंठेवाचून खोकला जावा तसं. सोमवार उलटून दोन दिवस झाले होते, पण दॉन रिगोने पाटी खिळ्यालाच टांगलेली बघितली आणि राजीनाम्याचं नाव न काढता पुढे गेला. दंड पंधरा दिवस सुजलेला होता, मग भरून आला. त्वचेखाली एक कडक गाठ तेवढी राहिली. ऑक्टोबरात लाइनीला बोनस मिळाला. नोएलियाने घरून बत्तीस बालेआदास करून आणल्या, गव्हाच्या जाड पोळीत बीन्स आणि साय घालून दुमडलेल्या, आणि गठ्ठे वाटावे तशा लाइनीत वाटल्या. मिर्ना रोज सकाळी आपल्या टेबलावरून भुवया उडवून विचारायची, आणि नोएलिया मशीनवरून अंगठा दाखवायची. कोरडं आहे.

तिच्या गालांवर रंग आला. सेल्विन मुलांच्या खाटेवरून परत आला. एका रविवारी त्याने तळलेला मासा आणला, काटे स्वतः काढून तिच्या ताटात ठेवले, आणि म्हणाला, "माझी बायको मिळाली परत." किती महिन्यांनी ती मोकळी हसली. त्या दिवसांत ती सुखी होती. ते सुख कुणी तिच्याकडून काढून घेऊ नये असं वाटतं, पण सांगणाऱ्याच्या हातात तेवढं नसतं.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिच्या मनात आलं की एकदा केंद्रात विचारून घ्यावं, अर्धी खरंच पुरते का. मुलाला लस द्यायला गेली तेव्हा ती नर्सबाईपुढे बसली. नर्सबाईने कार्ड बघितलं.

"काडीवाली ना तू? अजून जातं का अंगावरून?"

"नाही."

"बघ. म्हटलं नव्हतं, अंगवळणी पडेल? तुम्हा बायकांना धीरच नसतो."

नोएलियाने तोंड उघडलं. तिला मिर्नाचा चष्मा दिसला. कारखान्याच्या आवारात माणसाच्या अंगाला कात्री लावली हे बाहेर गेलं तर मिर्नाची वीस वर्षं एका दुपारीत जातील, आणि पोलीस येतील ते वेगळं. तिने तोंड मिटलं.

"तुझी तीन वर्षांची सोय झालेली आहे," नर्सबाई म्हणाली. "पुढची कोण आहे?"

डिसेंबरच्या मध्यावर एका सकाळी कँटीनमध्ये बीन्सचा वास आला आणि नोएलियाचं पोट ढवळून आलं. तिने डबा बंद केला. तिने स्वतःला सांगितलं, कालचा मासा. दुसऱ्या दिवशी सांगितलं, उन्हाचा ताप. तिसऱ्या दिवशी सांगायला काही उरलं नाही, कारण हे तिला तीनदा होऊन गेलेलं होतं.

ती पुन्हा पाटी घ्यायला लागली. आत जाऊन कडी लावायची आणि बघायची. अकरा आठवडे ज्या लाल डागाला तिने शिव्या दिल्या होत्या, त्याच डागासाठी ती आता हात जोडत होती. एक थेंब. देवा, एकच. काही नसायचं. सगळं स्वच्छ, कोरडं.

"पुन्हा सुरू झालं की काय?" यादिराने घाबरून विचारलं.

"नाही गं. कोरडं आहे."

टोकाच्या टेबलावरून मिर्नाने भुवया उडवल्या. नोएलियाने अंगठा दाखवला. मिर्ना समाधानाने उसवायला लागली. तिला सांगून काय झालं असतं? ती बिचारी रडली असती आणि नोकरीवरून गेली असती. त्या देशात गर्भ पाडायला बाईला कुठे जायची वाट नाही. कायद्याने सगळ्या बंद, आणि चोरवाटेने गेलेल्या दोघी नोएलियाच्या गल्लीतल्याच होत्या, एक तुरुंगात आणि एक कबरस्तानात. तिने तिसऱ्या वाटेचा खूप विचार केला. शिवता शिवता, बसमध्ये, पोरांना न्हाऊ घालताना. तिसरी वाट नव्हती.

सेल्विनला सांगितलं नाही. तो आधी आनंदाने उडी मारेल आणि मग त्याला डॉक्टरीणबाई आठवतील, आणि ते दोन्ही चेहरे बघायची तिच्यात ताकद नव्हती.

पथक फेब्रुवारीत आलं. म्हटलं होतं तसं, अगदी वेळेवर. तोच मांडव, तेच फुगे. लाउडस्पीकरवर गुलाबी टी-शर्टातली मुलगी सांगत होती की ज्यांना काडीचा त्रास आहे त्यांनीही यावं, आम्ही काढूनही देतो, दहा मिनिटं लागतात. मिर्ना तिला हाताला धरून घेऊन गेली. "जा, उरलेलीही काढून घे. अर्धं आत, अर्धं बाहेर, असं नको; दुसरं काहीतरी घे," म्हणाली. कामाचा झगा ढगळ होता, त्यातून अजून काही दिसत नव्हतं. पायाचे घोटे मात्र सुजायला लागले होते.

आतल्या डॉक्टरने भूल दिली. नोएलियाला काहीसुद्धा दुखलं नाही. त्याने चिमट्यात धरून तुकडा दाखवला.

"बाकीची कुठे गेली?"

"माहीत नाही, डॉक्टर."

त्याने जुन्या जखमेचा वण बघितला, तिच्याकडे बघितलं, आणि विचारलं नाही. रांग मोठी होती. पट्टी बांधून त्याने तिला शेजारच्या टेबलाकडे पाठवलं. तिथली मुलगी गोड होती, विशीतली. तिने चित्रांचा रंगीत तक्ता पुढे सरकवला. गोळ्या, इंजेक्शन, तांबी, काडी, निरोध, ऑपरेशन.

"आता कुठली पद्धत हवी तुम्हाला?"

नोएलियाने सगळी चित्रं नीट बघितली. "कुठलीच नको," ती म्हणाली.

"ताई, विचार करा. सगळं फुकट आहे."

"नको."

मुलीने हलकेच मान हलवली, बायकांना सांगून कळत नाही अशा अर्थाने, आणि कार्डावर लिहिलं: पद्धत नाकारली. नोएलियाला डब्याची सुट्टी संपायच्या आत लाइनीवर पोचायचं होतं.

त्या रविवारी तिने नऊ वर्षांच्या केर्लिनला स्टुलावर उभं केलं आणि तिच्यापुढे पिठाची परात ठेवली. पाणी किती, मीठ किती, गोळा किती वेळ झाकून ठेवायचा. पहिली पोळी फाटली. दुसरी तव्याला चिकटली. नोएलिया रागावली नाही, नुसतं "पुन्हा," म्हणाली. मग बीन्स किती वेळ भिजवायच्या ते सांगितलं. भावाच्या दुधाचं पाणी उकळून घ्यायचं, तांबीवालीच्या वेण्या आधी ओल्या करायच्या म्हणजे ती ओरडत नाही, हेही सांगितलं.

सेल्विन दारात बसून चाक पुसत होता. "एवढी घाई कसली?" तो हसत म्हणाला. "लग्न ठरवलंस की काय पोरीचं?"

"ऑगस्टच्या आत सगळं यायला हवं तिला."

"ऑगस्टमध्ये काय आहे?"

नोएलियाने तव्यावरची पोळी उलटली. "बघ," ती केर्लिनला म्हणाली, "कडा सुटल्या की लगेच उलटायची."